बारीक अक्षर

बिस्किटाच्या पुड्याचं रिकामं वेष्टण म्हातारीनं काउंटरवर ठेवलं आणि तळहातानं दाबून सपाट केलं. मंजुश्रीनं सवयीनं ते उचललं, स्कॅनरच्या लाल उजेडापुढं धरलं. पीं असा आवाज झाला, पडद्यावर बिस्किटाचं नाव उमटलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आत काहीच नाही.

"रिकामंय हे, मावशी."

"रिकामंच हाय. हे तूच वाचलीस न्हवं, अक्का?"

म्हातारीच्या आवाजात राग नव्हता. वाट चुकलेल्या माणसानं फाट्यावर विचारावं तसं ती विचारत होती. मागं पाचजण उभे होते. सर्वांत पुढच्या माणसाच्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या आणि त्यांचं पाणी फरशीवर टपटपत होतं.

"मागल्या शनवारी म्या इचारले, ह्यात भुईमुगाच्या शेंगा हाईत का बघ म्हनून. तू म्हनलीस, न्हाई काही त्यात, जावा."

"मग?"

"तुळजानं खाल्लं. नात हाय माझी. दोनच खाल्ली. व्हट सुजले, डोळे मिटले, गळ्यात शिट्टी वाजाय लागली. रिक्षात घालून न्हेले. चार दिस नाकात नळी व्हती."

"आता?" मंजुश्रीचा आवाज तिला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचातरी वाटला.

"वाचली."

हा शब्द ऐकल्यावर क्षणभर मंजुश्रीला कळेना, की म्हातारी कशाबद्दल बोलतेय. वाचली म्हणजे कोण वाचली, काय वाचलं, कुणी वाचलं. मग अर्थ जागेवर बसला. म्हातारीनं वेष्टणाच्या पुन्हा चार घड्या घातल्या, ते कमरेच्या पिशवीत ठेवलं, मागच्या माणसाकडं बघून "होऊ द्या तुमचं" म्हणाली आणि काचेच्या दारातून बाहेर पडली. तिनं ओरडा केला नाही, सुपरवायझर भीमाशंकर चार पावलांवर उभा होता त्याच्याकडं बोट केलं नाही. मंजुश्रीनं दुधाच्या पिशव्या स्कॅन केल्या. नंतर तांदूळ, साबण, मच्छर अगरबत्ती. हात चालत होते.

गुलबर्ग्यात तो बाजार उघडून वर्ष झालं होतं. एकच मजला होता, पण सगळे त्याला मॉल म्हणत. मंजुश्री सात महिन्यांपासून तीन नंबरच्या काउंटरवर बसत होती, आणि या सात महिन्यांत माणसांविषयी तिला एक वेगळंच ज्ञान झालं होतं, जे गावी, हुलसूरला असताना कधी झालं नसतं: माणूस रांग कशी अडवतो. काहींना अर्धं बिल झाल्यावर हिंग आठवतो. ते "आलोच" म्हणून आत पळतात आणि त्यांचं सामान पट्ट्यावर बेवारशी पडून राहतं. काही भाजी वजन न करताच आणतात, आणि परत पाठवलं की तिच्याकडं असं बघतात जणू तिनंच ती वांगी तोडली. काही कानाला मोबाइल लावून येतात, बिल झालं तरी पलीकडच्या माणसाशी भांडत राहतात, आणि मधूनच बोट वर करून तिला थांबायला सांगतात. एक मास्तर प्रत्येक वस्तूची छापील किंमत पडद्याशी ताडून बघतात, दर वेळी बरोबर निघते, आणि दर वेळी त्यांचा चेहरा उतरतो. नवराबायको दोन रांगांत वेगवेगळे उभे राहतात, जो आधी पोचेल तो दुसऱ्याला हाका मारतो, आणि मग भरलेली ट्रॉली माणसांच्या डोक्यांवरून जणू उचलून आणली जाते. भीमाशंकरकडं रोजचा कागद यायचा. मिनिटाला अठरा वस्तू, असा आकडा बेंगळूरच्या कुणीतरी ठरवला होता. मंजुश्री अठराच्या वर जायची, कधी एकवीस. या आकड्याचा तिला अभिमान होता हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या सुमारास कायम करायच्या लोकांची यादी लागणार होती, आणि भीमाशंकर तिला एकदा म्हणाला होता, "तुझं नाव वर हाय." तो हळ्ळीखेडचा, तिच्याच बीदरकडचा. इतर मुलींशी कन्नडात बोलायचा आणि तिच्याशी मराठीत, त्यामुळं ते वाक्य तिला घरच्यासारखं वाटलं होतं.

त्या शनिवारी काय झालं होतं, हे ती काम सुटेपर्यंत आठवत राहिली. म्हातारी आधीही येत असे, हे तिला आठवलं. हिरव्या चौकड्यांचं लुगडं, कपाळावर गोंदण, दंडावर ओतीव चांदीचं कडं. तिघाचौघांची धुणीभांडी करून पाच-साडेपाचला यायची, म्हणजे नेमकी गर्दीत. सुटं काही घेत नसे. तेल बाटलीतलं, पीठ पिशवीतलं, पोरीसाठी एखादा पुडा. आणि प्रत्येक पुडा पुढं करून म्हणायची, "ह्यात शेंगा हाईत का, वाचून दाखव की." मंजुश्रीला ती खोड वाटली होती. म्हाताऱ्या माणसांना असतात तशा. कुणाला वांगं चालत नाही, कुणाला मसूर. पहिल्या दोनतीन वेळा तिनं खरंच पुडा उलटून पाहिला होता. मग एकदा नुसती नजर फिरवली. आणि त्या शनिवारी? तिनं डोळे मिटून तो क्षण पुन्हा उभा केला: पुडा हातात आहे, म्हातारीचं तोंड हलतंय, मागं कुणीतरी ट्रॉलीचं चाक आपटतंय, भीमाशंकरचं लक्ष आहे. आपण कुठं बघतोय? पुड्याकडं नाही. आपण मागच्या बाईकडं बघून हसतोय, माफी मागितल्यासारखं, की बघा ना, अशी माणसं येतात. आणि हसता हसताच तोंडातून निघालंय: न्हाई काही त्यात, जावा. पुडा उलटा केलासुद्धा नव्हता. ते उत्तर नव्हतंच. माशी हाकलावी तसे ते शब्द होते, आणि ते शब्द घेऊन म्हातारी विश्वासानं घरी गेली, तिनं ते त्या बिस्किटांबरोबर सहा वर्षांच्या पोरीच्या हातावर ठेवले.

सगळ्यात वाईट हे होतं, की तो आवाज तिच्या ओळखीचा होता. संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिला उमगलं, तो कुणाचा. नऊ वर्षांपूर्वी बीदरला एका ऑफिसात डी.एड.चा फॉर्म भरायला ती आईबरोबर गेली होती. हुलसूरहून पहाटेची गाडी, मग दीड तास जाळीच्या खिडकीपुढं रांग. कारकुनानं फॉर्म घेतला, पहिलं पान वर केलं, सोडलं, आणि म्हणाला, "बरोबर आहे. चला पुढं." आई, शकुबाई, हलेना. "सायेब, एकदा समदे कागद बघा की." त्यानं मान वर न करता पुन्हा तेच म्हटलं. मागून लोक चुकचुकले. आई तिसऱ्यांदा म्हणाली, "बघा की सायेब, लेकराचा सवाल हाय," आणि तेव्हा मंजुश्रीला इतकी लाज वाटली, त्या खेडवळ हेलाची, त्या अजिजीची, मागच्या पॅन्टशर्टातल्या पोरींची, की तिनं आईचा पदर धरून तिला बाजूला ओढलं. फॉर्मला एक दाखला कमी होता. कळलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. पुढच्या वर्षी नियम बदलला, त्याच्या पुढच्या वर्षी वडील गेले, आणि मग ते राहूनच गेलं. इतकी वर्षं ती त्या कारकुनाला मनातल्या मनात शिव्या घालत आली होती. पदर कुणी ओढला, हे मात्र तिनं कुठंतरी खाली ठेवून दिलं होतं.

घरी आई तांदूळ निवडत बसली होती. वडील गेल्यावर दोघी गुलबर्ग्याला एका खोलीत राहात होत्या.

"बीदरच्या ऑफिसातलं आठवतंय का गं तुला? फॉर्म भरायला गेलतो ते?"

"न आठवायला काय झालं?" आईची बोटं थांबली नाहीत. "तू माझा पदर वडलीस."

"कामून बोलली न्हाईस इतके दिवस?"

"काय बोलायचं? लहान व्हतीस." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "मला म्हाईत व्हतं त्यानं बघितलं न्हाई ते. मानसानं बघितलं का न्हाई बघितलं, ते कळतंय. वाचता येत न्हाई म्हनून काय झालं?"

मंजुश्री तिच्याशेजारी तांदूळ निवडायला बसली. तिला वाटलं, म्हणजे त्या शनिवारी म्हातारीलाही कळलं असेल. मग तरी तिनं पुडा का घेतला? की रोज रोज विचारून, रोज लोकांच्या चुकचुकण्याला तोंड देऊन, एका दिवशी ती थकली असेल, आणि तिनं स्वतःला सांगितलं असेल, की ही शिकलेली पोर आहे, हिनं बघितलंच असेल?

पुढचे अकरा दिवस म्हातारी आली नाही. मंजुश्रीचा आकडा चौदावर आला, तेरावर आला. प्रत्येक पुडा उलटायची तिला सवय लागली होती. मागं इतकं लिहिलेलं असतं हे तिला माहीतच नव्हतं. गहू, साखर, तेल, मीठ, आणि मग न संपणारी नावं, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, चांदीरंगी कागदावर चमकून दिसेनाशी होणारी. आपण सात महिने हजारो वस्तूंवरून हात फिरवला आणि काळ्या रेघांखेरीज काही पाहिलं नाही. त्या रेघा तर यंत्रच वाचत होतं.

बाराव्या दिवशी ती आली. तेच लुगडं, तीच वेळ, पुढं चार गिऱ्हाइकं. तिचा नंबर आल्यावर तिनं टोपली पट्ट्यावर ठेवली, पण काही विचारलं नाही. कमरेच्या पिशवीतून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. त्यावर निळ्या शाईनं, इंग्रजीत, पहिल्या लिपीत, म्हणजे मोठ्या अक्षरांत, दोन शब्द लिहिलेले होते. एक लांब, 'ग्राउंडनट', एक आखूड, 'पीनट'. दोन्हींचा अर्थ एकच, भुईमूग. म्हातारीनं पुठ्ठा डाव्या हातात धरला, उजव्या हातात टोस्टचा पुडा घेतला, आणि बोटाचं नख अक्षरांखालून सरकवायला लागली.

"कुणी लिहून दिलं?"

"दवाखान्यातल्या नर्सबाईनं." नख सरकत होतं. "म्हनली, कुनाला इचारत बसू नगा आजी. ह्ये दोन वळखा."

"मी वाचते मावशी. खरंच वाचते आता."

म्हातारीनं मान वर केली. डोळे पिंगट होते, कडेनं निळसर झालेले. त्यांत नापसंती नव्हती आणि दिलासाही नव्हता. "वाच की," ती म्हणाली. "म्या बी बघते."

आणि तिनं पुन्हा खाली पाहिलं. मागची रांग वाढत होती. मंजुश्रीनं टोस्टचा पुडा वाचला, त्यात काही नव्हतं, पण म्हातारीचं नख अजून दुसऱ्या ओळीवर होतं, आणि मंजुश्री थांबली. इतकं जवळून कुणाला काही बघताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. म्हातारी पुटपुटत होती: "गाठुडंवाला... फनी... खोपटं... मोडकी शिडी... द्रोन... खांब." मंजुश्रीला आधी काही कळेना. मग तिनं पुठ्ठ्याकडं पाहिलं. पहिलं अक्षर, खरंच, खांद्यावर गाठोडं घेतलेला माणूस. दुसरं तीन दातांची फणी. तिसरं आडव्या वाशाचं खोपटं. जी अक्षरं ती पाचवीपासून घोकत आली होती, ती तिला या बाईनं पहिल्यांदा दाखवली.

"आनि हे बघ," म्हातारी म्हणाली, आता थोडी उत्साहानं, जणू रांग नव्हतीच, "लांबड्या शबदाची शेपूट बी तीच हाय. शिडी, द्रोन, खांब. म्हनून म्या निस्ती शेपूट हुडकते. पन शेपूट दर पुड्यावर दिसायली. पयल्यांदा घाबरून समदंच ठिवून दिले. मंग बघितले, तितं खांबाच्या म्होरं आनिक लांब वरात हाय. तसं आसलं की भ्याचं न्हाई. खांबावर थांबलं, का मंग त्यो हाय."

मंजुश्रीनं पाहिलं. पोषणाची माहिती सांगणारा शब्द, 'न्यूट्रिशन'. दर पुड्यावर, ठळक अक्षरांत, तीच तीन अक्षरं सुरुवातीला, आणि पुढं लांब वरात. हे म्हातारीला कुणी शिकवलं नव्हतं. नर्सनं दोन शब्द दिले होते. बाकीचं या बाईनं एकटीनं, अक्षर नावाची गोष्ट काय असते हेही माहीत नसताना, बिस्किटांच्या चिमुकल्या कागदांवर बोट ठेवून शोधलं होतं. एक पुडा, मग दुसरा, मग तिसरा.

"हे कसं काय जमलं, मावशी?"

"आमची मेंढरं व्हती की. बाप मला वल्या मातीत दावायचा. ह्यो कुत्र्याचा पाय, ह्यो लांडग्याचा. सारकेच दिसत्यात. लांडग्याची मदली दोन बोटं म्होरं आसत्यात, इतकीशी." तिनं नखाचं टोक दाखवलं. "तेवडं बघितलं न्हाई, तर सकाळी चार मेंढरं कमी."

"मंजुश्री!" भीमाशंकर जवळ आला होता. "काय करायलीस? लाईन दारापतोर गेली."

"होतंय सर."

त्या दिवशी तो एवढ्यावर गेला. नंतर हे दर दोनतीन दिवसांनी व्हायला लागलं. म्हातारीचं नाव अनसाबाई, हे तिला कळलं. मुलगा आणि सून पुण्याला बांधकामावर होती. पोर शाळेत नीट राहावी म्हणून आजीकडं ठेवलेली. मंजुश्रीनं तिला दुपारी दोनला यायला सुचवलं, तेव्हा कुणी नसतं. अनसाबाई म्हणाली, दोनला ती वकिलाच्या घरी भांडी घासते. म्हणजे गर्दीतच येणार. लोक चुकचुकायचे, दुसऱ्या रांगेत जायचे, कुणी मोठ्यानं म्हणायचं की अशा बायांना आत सोडतातच कशाला. आणि दर वेळी मंजुश्रीच्या मनात जुनी लाज एकदा उसळायची, आणि तिच्यावरून दुसरं काहीतरी, जड आणि शांत, पाण्यासारखं वाहून जायचं. या बाईच्या भोवती सगळीकडं ते एकच आहे, ती विचार करायची. ज्या मुलखात भाकरीबरोबर शेंगांची चटणी, पोळीत शेंगा, भाजीत कूट, गाडीवरच्या पुडीत शेंगा, शाळेच्या दारात चिक्की, तिथं ही एका पोरीला रोज सकाळी सोडते आणि रोज संध्याकाळी परत आणते. आणि हातात शस्त्र काय, तर पुठ्ठ्याचा तुकडा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. सहाच्या सहा काउंटर चालू होते. झेंडूच्या फुलांचा वास आणि घामाचा वास एक झाला होता. अनसाबाई तीन नंबरच्याच रांगेत उभी राहिली, पलीकडची आखूड असूनही. तिच्या टोपलीत गूळ होता, रवा होता आणि वर एक नव्याच कंपनीचा क्रीमच्या बिस्किटांचा पुडा होता, झगझगीत जांभळा. "तुळजा हट्ट धरून बसली," ती म्हणाली. "वर्गातल्या समद्या पोरी हेच आनत्यात."

तिनं पुठ्ठा काढला नाही. आता गरज नव्हती. नख एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलं, खाली उतरलं, परत गेलं. मंजुश्रीनं घड्याळाकडं पाहायचं नाही असं ठरवलं होतं. मागून कुणीतरी "बेग माडी, अक्का, बेग माडी" अशी घाई करत होतं. शेवटी अनसाबाईचा चेहरा सैल झाला. "न्हाई ह्यात," ती म्हणाली, आणि तिच्या गालांवर असं हसू आलं की मंजुश्रीलाही हायसं वाटलं. तिनं पुडा घेतला. स्कॅनरपुढं नेला. आणि हात थांबला.

पुड्याचा सांधा जिथं चिकटवतात, तिथं घडीच्या आत काही अक्षरं शिरत होती. तिनं नखानं घडी उचलली. खाली एक ओळ होती, बाकीच्या मजकुराहून बारीक, आणि सगळी इंग्रजीच्या दुसऱ्या लिपीत, 'स्मॉल' अक्षरांत. तिनं ती वाचली. मग पुन्हा वाचली.

"मावशी, ह्यात हाय."

अनसाबाईचं हसू जागच्या जागी राहिलं. "कुटं? म्या बघितले की."

"हितं. दुसऱ्या लिपीत हाय, लहान अक्षरात. तुम्हाला दिसणार न्हाई ते."

"काय झालं?" भीमाशंकर आलाच होता. त्यानं पुडा घेतला, डोळ्यांजवळ नेला. "अगं, हे तर नुसतं लिहित्यात. शेंगा आसू शकतील म्हणून. कायद्यासाठी. काही होत न्हाई मावशी, माझी पोरं रोज खात्यात. मंजुश्री, बिल कर."

"लिहिलंय सर."

"बिल कर म्हणलं ना. लाईन बघ."

तिनं लाईन पाहिली. चेहरे होते, हातांत ताटकळलेल्या टोपल्या होत्या, खांद्यावर पेंगलेली लेकरं होती. त्यांतलं कुणी वाईट नव्हतं. "न्हाई करत सर मी ह्याचं बिल," ती म्हणाली, आणि पुडा त्याच्या हातातून घेऊन पट्ट्याखाली ठेवला. 

पण अनसाबाई या दोघांकडं बघतच नव्हती. तिनं वाकून पट्ट्याखालून पुडा पुन्हा उचलला. "दाव," ती म्हणाली. मंजुश्रीनं घडी उचलून धरली आणि बोट ठेवलं. म्हातारी बघत राहिली. आधी काहीच झालं नाही. मग तिचे ओठ हलायला लागले. "गाठुडंवाला... ह्यो खाली उतरलाय, खड्ड्यात हुबा हाय. फनी..." ती अडली. "फनी कुटं हाय?"

"फणी अशी झाली. गोल."

"जिलबी." ती स्वतःशीच म्हणाली. "खोपट्याचं पोट झालं. शिडीची कमान झाली. द्रोन तसाच हाय. खांबाला आडवी काठी." मग तिनं डोळे मिटले. मंजुश्रीला पापण्यांखाली डोळे हलताना दिसत होते, झोपेतल्या माणसाचे हलतात तसे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. अर्धं मिनिट असेल. दिवे गुणगुणत होते. एक माणूस शिव्या देत दुसऱ्या रांगेत गेला. अनसाबाईनं डोळे उघडले, काउंटरशेजारच्या तारेच्या मांडणीवरून एक चॉकलेट उचललं, उलटं केलं, ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. तिसऱ्यावर नख थांबलं.

"हितं बसलाय," ती हळूच म्हणाली.

मंजुश्रीनं ते घेतलं. शब्द तिथं होता. इतका बारीक, की तिला स्वतःला दोनदा शोधावा लागला. दुसऱ्या लिपीत, लांबड्या ओळीच्या शेवटी. ज्या अक्षरांना या बाईनं एका मिनिटापूर्वी पहिल्यांदा पाहिलं, ती तिनं अनोळखी कागदावरून उचलून दाखवली होती. मंजुश्रीच्या डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं. तिला भीती वाटावी तसं काहीतरी वाटत होतं, पण ती भीती नव्हती. देवळात आत पाऊल ठेवल्यावर डोळे अंधाराला सरावण्याआधीचा जो क्षण असतो, समोर कुणीतरी आहे हे कळतं आणि दिसत नाही, तसं. वाचणं ते हे. आपण पंधरा वर्षं शाळाकॉलेजात जे केलं, त्याला काय म्हणायचं?

भीमाशंकरनंही ते चॉकलेट घेऊन पाहिलं. मग मांडणीवर ठेवलं आणि पलीकडच्या काउंटरकडं गेला. रांगेतली एक बाई, कडेवर मूल घेतलेली, आपल्या टोपलीतला पुडा उलटा करून बघत होती.

दिवाळीच्या आधी यादी लागली. मंजुश्रीचं नाव नव्हतं. भीमाशंकरनं तिला बोलावून सांगितलं, आणखी तीन महिने तात्पुरतीच, आणि सहा नंबरला बस, कोपऱ्यातल्या. "मी काय करणार?" तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "कागद वर जातोय." तिला वाईट वाटलं. आईला सांगताना रडूही आलं. पण आत कुठंतरी जे होतं ते हललं नाही. सहा नंबरला माणसं कमी यायची. अनसाबाई सरळ तिकडंच यायला लागली, आणि तिच्यामागं कधीकधी ती कडेवर मूल असलेली बाई. तिच्या मुलाला दूध सोसत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, मंजुश्री जेवून नुकतीच जागेवर येऊन बसली होती. सुट्टीमुळं सहा नंबरलाही सातआठ जणं होती. रांगेत अनसाबाई दिसली, आणि तिच्यापुढं, तिचा हात सोडून, एक मुलगी पट्ट्याशी येऊन उभी राहिली. पुढचे दोन दात पडलेले, परकराचा घोळ वर खोचलेला. मंजुश्रीनं तिला कधी पाहिलं नव्हतं. पाहता क्षणीच ओळखलं.

"ही तुळजा," अनसाबाई म्हणाली. "म्हनली, वाचनारी अक्का दाव."

मुलीनं टोस्टचा पुडा दोन्ही हातांत धरून पुढं केला. मंजुश्रीनं हात पुढं केला, आणि तिची नजर स्वतःच्या बोटांवर पडली. नखाच्या कडेला लाल तेलाची बारीक रेघ होती. आता, दहा मिनिटांपूर्वी, भाकरी आणि शेंगांची चटणी. हात धुतले होते, घाईत, नुसत्या पाण्यानं. तिनं हात इतक्या झटक्यानं मागं घेतला, की मुलगी दचकली.

"थांब हं," ती म्हणाली. "शिवू नको मला. आलेच."

ती खुर्चीवरून उठली. रांगेतला पहिला माणूस म्हणाला, "अहो, बिल?" तिनं वळून पाहिलं नाही. मांडण्यांमधून ती पळत मागच्या मोरीकडं गेली, साबण घेतला, बोटं, नखं, तळवे, मनगटं, कोपरापर्यंत घासलं, धुतलं, पुन्हा साबण लावला. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवून बोलावत होतं. पाणी गार होतं. तिनं तिसऱ्यांदा साबण लावला, हात नाकाशी नेले, नुसत्या साबणाचा वास येईपर्यंत धुतले, आणि पदराला न पुसता तसेच वर धरून परत आली.

रांग आणखी वाढली होती. काउंटरशी भीमाशंकर उभा होता, घड्याळ बघत. त्यानं तिच्याकडं पाहिलं, थेंब गळणाऱ्या हातांकडं पाहिलं, मग मुलीकडं. पुढच्या माणसाला तो कन्नडात म्हणाला, थोडं थांबा.

मंजुश्रीनं ओला हात पुढं केला. तुळजानं आधी पुडा दिला, मग तो हात कसा आहे ते बघावं म्हणून धरला, आणि गार लागला म्हणून हसली. तेवढ्या वेळात ती दारापर्यंत पळत जाऊन आली होती. अजून धाप लागलेली होती. इतक्या जवळून मंजुश्रीला ती ऐकू येत होती: श्वास आत जात होता, बाहेर येत होता, कुठंही न अडता, पुन्हा आत जात होता.